पक्क्या गाठींची ओढणी

गेल्या रविवारी आमच्या शहरातल्या वाडी भागात माझी चांगलीच फजिती झाली. लपवून ठेवण्यात अर्थ नाही... इतके महिने मीच इथे बांधणीचे फोटो टाकून भाव खातोय, तेव्हा हेही तुम्हाला कळलंच पाहिजे.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. मी चौतीस वर्षं कोयलीच्या रिफायनरीत मेंटेनन्समध्ये काढली. नाइट शिफ्टला तंबाखूचा मावा लागला आणि रिटायर झाल्यावर दिवसाला आठ-दहा पुड्यांवर गेला. मग दाताच्या डॉक्टरांनी तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवा म्हणून सांगितलं... दोनच गेली, तोंड तेवढंच उघडत होतं. पुढे काय होऊ शकतं, तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

त्याच दिवशी मावा बंद केला. पण तोंडाची समजूत घालता येते, हाताची येत नाही. जरा रिकामा बसलो की डावा तळहात आपोआप पुढे यायचा आणि उजवा अंगठा चोळायला लागायचा... रिकाम्या तळहातावर! सुनंदा, म्हणजे माझी बायको, बघायची आणि आत जायची.

तिचीच एक ओढणी आणायला आम्ही वाडीत हमीदाबेनकडे गेलो होतो. त्या मूळच्या कच्छच्या, बांधणी बांधण्यात त्यांचा हातखंडा. कापडाची बारीक चिमूट उचलायची, दोरा गुंडाळायचा, लगेच पुढची चिमूट... दोन्ही हातांना क्षणाची उसंत नाही. मी तिथेच ठरवलं, हे आपल्याला शिकायचं.

हमीदाबेन आधी हसल्या. हे बायकांचं काम, त्यात माझी नट-बोल्टचे पाने फिरवून जाड झालेली बोटं आणि डोळ्याला चाळिशी. पण मी तीन रविवार नुसता जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी चिमूट उचलायला टोक असलेली एक अंगठी दिली आणि गुमान कामाला लावलं. पहिला महिना बोटांची सालटी निघाली. सोडतोय कोण...

चार रुमाल झाले. पण रंगवून आणले की काही ठिकाणी दोरा सैल पडलेला आणि आत रंग शिरलेला. ठिपके पांढरे राहण्याऐवजी गुलाबी धब्बे. हमीदाबेन म्हणायच्या, हात बसेल हळूहळू. मला मात्र चैन पडेना. ज्याने जन्मभर गळती बंद केली, त्याच्याच रुमालात लीकेज?

मग ओढणी घेतली, सुनंदासाठी. अर्धी हमीदाबेनच्या समोर बांधली. तेवढ्यात त्या मुलीच्या बाळंतपणाला दोन महिने भुजला गेल्या आणि उरलेली अर्धी मी हरणीला आमच्या घरी बसून बांधली. दोरा गुंडाळून झाला की वरून दोन पक्क्या गाठी... प्रत्येक ठिपक्याला. आता येऊ दे म्हटलं रंगाला आत.

रविवारी ओढणी रंगून, वाळून आली. बांधणी उघडायची म्हणजे दोघांनी दोन बाजूंनी कापड ताणायचं. एका बाजूला हमीदाबेन, दुसऱ्या बाजूला मी. पहिल्या अर्ध्या भागाचे दोरे तडतड उडाले आणि लालभडक कापडावर पांढरे ठिपके दिसायला लागले. बघायला आलेल्या सुनंदाने चक्क टाळ्या वाजवल्या.

पुढचा भाग ताणला आणि चर्रकन आवाज आला. ठिपका गेला आणि तिथे भोक! आणखी एकदा ओढलं... दुसरं भोक. हमीदाबेननी कापड खाली ठेवलं, चष्मा लावून गाठ बघितली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाई, आ नहीं खुले. फाटी जशे." म्हणजे हे सुटायचं नाही, फाटेल.

बांधणीतला दोरा नुसता गुंडाळून तसाच पुढच्या ठिपक्यावर न्यायचा असतो, म्हणून तर ओढला की सगळा निघून येतो. हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी दाखवलं होतं. मी अतिशहाणा... हजाराच्या वर गाठी मारून बसलो होतो. आता एक तर ओढणी टाकून द्यायची, नाही तर एकेक गाठ सुईने उकलायची.

मला तिथे बसवेना. जरा बाहेर जाऊन येतो म्हटलं आणि निघालो. पाय थेट कनुभाईच्या पान-माव्याच्या गल्ल्याकडे गेले. सात महिन्यांनी गेलो, तरी त्याने काही विचारलं नाही... सुपारी, तंबाखू, चुना कमी, सगळं त्याच्या लक्षात होतं. पुडी चोळून त्याने हातात दिली. मी रबर काढलं. वासानेच तोंडाला पाणी सुटलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुनंदा होती.

"अहो, अकरा सुटल्या माझ्या. एकही फाटली नाही. येताय ना?"

ही बाई तिथे सुई घेऊन बसली होती. मी बांधलेल्या, मी घोळ घातलेल्या गाठी उकलत... आणि मी कुठे उभा होतो! खूप लाज वाटली. पुडी तशीच काउंटरवर ठेवली आणि परत फिरलो.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी मिळून शंभरेक उकलल्या. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की आम्ही दोघं बाल्कनीत बसतो. आज दोनशे अठ्ठ्याऐंशी झाल्या. अजून दोन भोकं पडलीत, एक माझ्या हातून आणि एक तिच्या... तिचं मोठं आहे, पण मी काही बोललेलो नाही. सगळ्या उकलणार. मग नवं कापड घेणार आणि हमीदाबेन सांगतील तसंच बांधणार.

मी त्या वीस मिनिटांत कुठे गेलो होतो, हे सुनंदाने अजून विचारलेलं नाही. तोंडाने सांगायचं धाडस होत नाही म्हणून इथे लिहितोय, ती रोज रात्री माझ्या पोस्ट वाचते.

सुनंदा, मी गल्ल्यावर होतो. पुडी उघडली होती. तुझा फोन आला म्हणून खाल्ली नाही.