ठकुबाईचा हात

उत्रोलीच्या वरच्या आळीत राबात, रोपांसाठी भाजलेल्या जमिनीत, भाताची पहिली मूठ ठकुबाईनेच टाकायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सारी आळी मानायची. यंदा रोप उगवलंच नाही. भाजलेले राब काळेच्या काळे राहिले. मग तीच आळी म्हणाली, म्हातारीच्या हाताचा गुण गेला. पुन्हा पेरताना तिला बांधावरही येऊ द्यायचं नाही.

हे ऐकून ठकुबाईला काकी म्हणणाऱ्या रत्नाचं डोकं फिरलं. ती पुण्यात बुरशीवर संशोधन करायची. प्रकल्प बंद पडला आणि ती घरी आली. "एवढं शिकून शेवटी शेणच काढायचं," हे टोमणे तिने गिळले होते. हे तिला गिळवेना.

ती गेनबातात्यांकडे गेली. साऱ्या आळीला बी त्यांनीच दिलेलं, आणि ठकुबाईचा गुण गेल्याचं घरोघर सांगितलंही त्यांनीच.

"तात्या, बी ठेवलं कशात होतं?"

"पिंपात. झाकण घट्ट लावून. उंदीर लई झाल्यात."

"वाळवून?"

"आता तू मला भात वाळवायला शिकीव."

रत्ना भांडली नाही. मनात राग असला तरी समोरच्याचंही खरं असू शकतं असं धरायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगशाळेतली सवय होती. तिने पाली गावच्या मावशीकडून भाताचं पोतं मागवलं आणि चार वाफे केले. दोनांत तात्यांचं बी, दोनांत पालीचं. दोन्ही बियांचा एकेक वाफा ठकुबाईने पेरला, एकेक रत्नाने. तात्यांना समोर उभं केलं.

आठ दिवसांनी सारे बांधावर जमले. पालीचं बी दोन्ही हातांचं हिरवंगार उठलं होतं. तात्यांचं दोन्ही हातांचं कुजलं होतं.

तात्यांनी चारही वाफ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला गुण हाय. औंदा तूच पेर."

रत्नाच्या अंगाची लाहीलाही झाली. "तात्या, माझ्याच हातचं कुजलंय की त्या वाफ्यात. घाला बोट, बघा. वलं भात पिंपात कोंडलं तुमी, आन बोल लावला काकीला."

बांधावरची माणसं हसली. तात्या मान न उचलता म्हणाले, "बरं ठकुबाई, या मग पेरायला."

ठकुबाईने मातीचे हात पदराला पुसले. "गुण गेला म्हणून सांगायला घरोघर हिंडलास, गेनबा. आता गुण हाय म्हणून सांगत तसाच हिंड. मग येते."

ती घराकडे चालू लागली. रत्नाने पालीच्या बियाचं पोतं उचललं आणि तिच्या मागोमाग नेऊन तिच्या ओटीवर ठेवलं.