दारात वाढलेलं पान

नोव्हेंबरातल्या एका दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. रे नावाचा पेशंट सकाळी न्यूमोनियाने गेला, त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर आमचा पत्ता आणि नंबर होता. "आपण त्यांच्या नात्यातल्या का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. मी "नाही" म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा बीन्स मोडायला बसले. त्याला आता सहा आठवडे झाले. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लोक आपापल्या थोर माणसांवर लिहितात. हा माझा कुणीच नव्हता, आणि मी त्याच्याशी वागले त्यात थोर काही नव्हतं... म्हणूनच लिहिते आहे.

माझी मुलगी मुग्धा पंधरा वर्षांची. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी लॅबमधून सुटेपर्यंत ती शाळेनंतर इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावाच्या लायब्ररीत बसते. गेल्या वसंतात तिचा डबा रोज लख्ख रिकामा यायला लागला आणि मी खूश झाले. पोरगी पोळी-भाजीला लागली, असं चार जणींना सांगितलंसुद्धा. खरं म्हणजे शाळेत डबा उघडायची तिला लाज वाटे. संध्याकाळी ती तो लायब्ररीमागच्या कचऱ्यात टाकायला गेली, तर तिथे बसलेला एक दाढीवाला म्हणाला, "टाकू नकोस, मला दे." तो रे. व्हिएतनामला लढून आलेला, एका पायाने लंगडणारा. रात्री तिथेच मागच्या जिन्याखाली झोपायचा. तिचा भूगोल घ्यायचा, भेंडीच्या भाजीला नावं ठेवायचा आणि तीही संपवायचा. हे कळल्यावर मी आधी तिला फैलावर घेतलं. मग म्हटलं, जाऊ दे, अन्न वाया तर जात नाही.

सप्टेंबरात ह्यांचं श्राद्ध आलं. मुग्धाने विचारलं, श्राद्ध म्हणजे काय? इथल्या मुलांना आपलं काही सांगायची संधी आली की आम्हा आयांना चेव येतो. मी म्हटलं, "अगं, मंत्रबिंत्र ठीक आहे. कुणा भुकेल्याला मानाने पानावर बसवून जेवू घालायचं, की बाबांना पोचतं." तिने ते जसंच्या तसं खरं धरलं. "देन आय विल इन्व्हाइट रे," म्हणाली आणि त्याच्यासाठी चिठ्ठीवर आमचा पत्ता नि नंबर लिहायला बसली. शब्द माझाच होता, नाही कसं म्हणणार? मी हो म्हटलं.

त्या दिवशी मंडळातले देशपांडे काका मंत्रांची कॅसेट लावून विधी सांगत होते. मंडळातली आणखी दोन घरं आली होती. मुग्धाने रेचं पान मांडून ठेवलं होतं. "हे कुणाचं?" काकांनी विचारलं, तेव्हा मी ते उचललं. बरोबर साडेबाराला बेल वाजली. दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, हातात पीचचा एक डबा. रिकाम्या हाताने जाऊ नये, हे त्यालाही कुणीतरी शिकवलं होतं.

"कोण आहे, वहिनी?" आतून काकांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

कागदी ताटात खीर, वडे, भाजी घातली, वर फॉइल लावलं आणि दारातच त्याच्या हातात दिलं. तो "थँक यू, मॅम" म्हणाला. माझ्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. जिन्यात मुग्धा उभी होती. त्याने तिला हात केला, डबा पायरीवर ठेवला आणि लंगडत दोन मैल परत गेला. आत सगळ्यांनी माझ्या खिरीचं कौतुक केलं. बाबांना काय पोचलं असेल ते असेल.

मुग्धा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. हॉस्पिटलच्या फोनचं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "व्हॉट डिड यू टेल देम?" मी सांगितलं. ती अभ्यासाला गेली.

हल्ली तिची कुणी मैत्रीण यायची असली की ती रिसीव्हरवर हात ठेवते आणि मला विचारते, "आई, कॅन शी कम इनसाइड?" टोमणा नसतो त्यात, खरंच विचारते. मी हो म्हणते. तरी ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत थांबते, मग फोनवर सांगते.