हद्दीपलीकडची इंग्रजी

वामन टिपणीस मास्तरांना इंग्रजी फार चांगली यायची आणि तेच त्यांचं दुखणं होतं. कारण उभ्या जव्हारात त्यांच्याशी इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं.

ठाण्याच्या हायस्कुलात असताना एका मद्रासी शिक्षकानं त्यांना या भाषेचं वेड लावलं. वेड असं की इंग्रजीत पहिला नंबर आणि गणितात भोपळा. मॅट्रिक हुकली ती हुकलीच. पोटासाठी त्यांनी जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तरकी धरली, बिऱ्हाड घेऊन घाट चढले आणि तिथंच रमले. रमले, पण जीभ वळवळायची. शाळेतली पोरं 'कॅट', 'रॅट' करीत पुढच्या इयत्तेत जाईपर्यंत आईबाप त्यांना नागलीच्या राखणीला बसवायचे. मग मास्तर संध्याकाळी गोठ्यात गाईपुढे पेंढा टाकता टाकता म्हणत, "गुड ईव्हनिंग, मॅडम! हॅड अ प्लेझंट डे?"

गाय कान हलवी. आतून त्यांची बायको वेणू ओरडे, "अहो, नका हो तिला घाबरवू, दूध चोरते मेली!"

दिल्लीला दरबार भरला त्याच्या आदल्या साली संस्थानात नवे कारभारी आले. त्यांनी आल्या आल्या हुकूम काढला, की ज्या नोकरांना थोडंबहुत इंग्रजी येतं त्यांनी दिवाळीनंतर परीक्षेला बसावं. ठाण्याहून परीक्षक येतील, आधी लेखी घेतील, मग समोर बसवून बोलायला लावतील. पास होईल त्याला बढती. तयारी टिपणीस मास्तरांनी करून घ्यावी.

हुकूम ऐकून मास्तर घरी आले ते जवळजवळ नाचतच. "अगं वेणू, माणसं! बोलायला माणसं मिळाली!"

माणसं तीन मिळाली. खजिन्यातले अप्पा कर्णिक, पन्नाशीचे, पोटानं आणि मानानं भारदस्त. दवाखान्यातला कंपाउंडर सदू पोंक्षे, काडीसारखा आणि सदा घाईत. आणि जंगलखात्याचा नाकेदार देवराम भोये, जामसर गावचा. संस्थानच्या शाळेत तो मास्तर येण्याच्याही आधी शिकून गेला होता. बापाच्या भातशेतीतून निघून सरकारी पट्टा कमरेला बांधणारा तो घरातला पहिलाच. देवराम इतका हळू बोलायचा, की मराठी बोलला तरी पुढं वाकून ऐकावं लागे.

तिघांनाही वाचता येत होतं, लिहिता येत होतं. मास्तरांनी शाळेच्या ओटीवर त्यांना बसवलं आणि हसतमुखानं अप्पांना विचारलं, "हाउ आर यू, मिस्टर कर्णिक?"

अप्पांनी घसा साफ केला, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "सर, विथ रेफरन्स टु युवर इन्क्वायरी, आय हॅव द ऑनर टु स्टेट दॅट आय ॲम वेल."

मास्तर सदूकडे वळले. "अँड यू?"

"वन डोस इन द मॉर्निंग," सदू चटकन म्हणाला आणि जीभ चावली.

देवराम जमिनीकडे बघत पुटपुटला, "पास... टिंबर... चेक्ड अँड फाउंड करेक्ट."

अप्पांना खलित्यांचं इंग्रजी येत होतं, सदूला बाटल्यांवरचं आणि देवरामाला लाकूड नेण्याच्या परवान्यावरचं, म्हणजे पासावरचं. ज्यानं त्यानं आपापल्या पोटापुरतं उचललेलं. त्यापलीकडे एक शब्द तोंडातून निघेना. मास्तरांनी पाऊसपाणी विचारलं, बायकामुलं विचारली, जेवणात काय होतं तेही विचारलं. काही केल्या गाडी चालेना. चूक होईल या धास्तीनं अप्पांना तर घाम फुटायचा. नवरात्र उलटलं, परीक्षा तोंडावर आली आणि मास्तरांचा नाच पार बसला. पुन्हा गाईशीच बोलावं लागणार, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

अशातच एका सकाळी वेणूनं परसातला सर्वांत मोठा तांबडा भोपळा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "मोखाड्याच्या बाजाराला कुणी जात असेल तर माझ्या बहिणीला, मथूला धाडायचाय. तिला डोहाळे लागलेत भोपळ्याचे."

मास्तर भोपळ्याकडे बघत राहिले. मोखाडा! मोखाडा म्हणजे खालसा मुलूख, तिथं इंग्रजांचा अंमल. संस्थानची हद्द वाटेतच संपते. ते ताडकन उठले. "मीच जातो. आणि परीक्षेची मंडळीही घेऊन जातो!"

बाजाराच्या दिवशी चौघं पहाटेच निघाले. मास्तरांनी नियम सांगितला. "हद्दीच्या दगडापर्यंत मराठी. दगड ओलांडला की इंग्रजांचं राज्य आणि इंग्रजांचीच भाषा. ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल त्याच्या डोक्यावर भोपळा."

"आणि तुमच्या तोंडून निघाला तर?" अप्पांनी विचारलं.

"माझ्याही!"

हद्द येईपर्यंत तिघांनी एवढ्या गप्पा मारल्या, की पुढचं सगळं मराठी आत्ताच बोलून संपवायचंय जणू. दगड दिसला तशी चाल मंदावली. मास्तरांनी उडी मारून तो ओलांडला. मागोमाग बाकीचे आले आणि सगळं चिडीचूप. दोन्ही अंगांना पिकलेली नागली, वर साग, खाली पायांचा आवाज. मग सदूला ठेच लागली. "आई गं!"

भोपळा सदूच्या डोक्यावर गेला. पुढच्या ओढ्यावर सदूचा तोल जाताना बघून अप्पा ओरडले, "अरे सांभाळ!" भोपळा अप्पांकडे आला. खजिन्यातले मानकरी अप्पा कर्णिक डोक्यावर उपरण्याची चुंबळ, तिच्यावर भोपळा आणि हातात वहाणा अशा थाटात चढण चढू लागले. श्वास लागला, चेहरा भोपळ्यापेक्षा तांबडा झाला.

चढणीच्या माथ्यावर देवराम पुढं होऊन थांबला. नाक्यावर गाडी अडवतात तसा त्यानं हात आडवा धरला. चेहरा अगदी गंभीर. आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "मिस्टर कर्णिक! हॅव यू अ पास फॉर धिस टिंबर?"

मग अप्पांनी तसंच, भोपळा तोलत, खाली वाकायचा प्रयत्न केला. "सर, आय बेग टु स्टेट दॅट द पंपकिन इज नॉट माइन. आय ॲम ओन्ली इट्स मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट."

"शेक वेल बिफोर यूज!" सदू किंचाळला आणि त्यानं अप्पांना गदागदा हलवलं.

मास्तर मटकन रस्त्यातच बसले. हसू पोटातून आलं ते थांबेचना. धोतर धुळीत, टोपी मांडीवर, डोळ्यांतून पाणी. इतकी वर्षं ते ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, फक्त त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी इंग्रजीत थट्टा करावी! पुस्तकातली नव्हे, इथली, या रस्त्यावरची, या भोपळ्याची. "अगेन!" ते कसेबसे म्हणाले. "देवराम, प्लीज, से इट अगेन!"

देवरामानं पुन्हा म्हटलं. अप्पांनी यावेळी जास्त वाकून उत्तर दिलं आणि भोपळा पडता पडता वाचला.

त्यानंतर बांध फुटला. व्याकरण नागलीत कुठंतरी सांडलं ते कुणी उचलायला गेलं नाही. अप्पा सुनेच्या कागाळ्या इंग्रजीत सांगू लागले. सदूनं बायकोशी कसं लग्न ठरलं ते सांगितलं, अर्धं हातवारे करून. देवरामानं एका वाघाची गोष्ट सांगितली, त्यात वाघ कधी 'ही' होता, कधी 'शी', आणि शेवटी झाडावर चढला तो नाकेदार. मास्तरांनी एकही चूक दुरुस्त केली नाही. एकदा तर त्यांच्याच तोंडून "वा रे गड्या!" निघून गेलं आणि तिघांनी टाळ्या पिटत त्यांच्या डोक्यावर भोपळा चढवला.

मोखाड्याच्या बाजारात ही वरात शिरली तेव्हा लोक बाजार सोडून बघायला लागले. बुधी नावाची एक काटक म्हातारी काकड्या घेऊन बसली होती. वारल्यांच्या पाड्यावरची. अप्पा तिच्यापुढे उकिडवे बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, व्हॉट इज द प्राइस?"

बुधीनं त्यांना खालीवर न्याहाळलं आणि देवरामाला विचारलं, "या बामनाला काय झालां रे? उन्हात फिरला का काय?"

देवरामानं तिच्या बोलीत उत्तर द्यायला तोंड उघडलं, भोपळ्याकडे पाहिलं आणि गप्पकन मिटलं. "फीव्हर," सदू गंभीरपणे म्हणाला. बुधीला तेवढं काय कळलं कोण जाणे, तिनं एक काकडी मोडून अप्पांच्या हातात दिली आणि खूण केली, खा, बरं वाटंल. आजूबाजूच्या पोरींनी "म्याडम! म्याडम!" करून तिला हैराण केलं. तीही हसू लागली.

मथूनं दार उघडलं तर पुढे चौघं घामाघूम पुरुष, त्यांत मधोमध तिचे मेव्हणे, डोक्यावर भोपळा. "विथ लव्ह फ्रॉम युवर सिस्टर!" मास्तर म्हणाले. मथूनं भोपळा तेवढा आत घेतला आणि आधी नवऱ्याला हाक मारली.

दिवाळी झाली. परीक्षक आले. ठाण्याचे एक उंच, कंटाळलेले गृहस्थ, बैलगाडीनं हाडं खिळखिळी झालेले. लेखी पार पडली. तोंडीला पहिले अप्पा आत गेले. मास्तर बाहेर खिडकीखाली उभे राहिले, कान भिंतीला लावून.

आत पहिला प्रश्न झाला. अप्पांची जीभ पुन्हा टाळूला चिकटली होती. परीक्षकांनी कंटाळत दुसरा प्रश्न टाकला, कधी प्रवास केलाय का?

"येस, सर," अप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "वन्स. विथ अ पंपकिन."

आणि सुरू झाले. मास्तरांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. हद्दीचा दगड, ओढा, चढण, देवरामाचा आडवा हात. पासाच्या प्रश्नापाशी आले तसं आत कुणीतरी खुर्ची मागे सारून खो खो हसलं. पुढे देवराम गेला, सदू गेला; प्रत्येकानं तीच गोष्ट आपल्या बाजूनं सांगितली आणि प्रत्येक वेळी हसणं आधीपेक्षा वरच्या पट्टीत गेलं. शेवटी परीक्षकांनी मास्तरांनाच आत बोलावलं. म्हणाले, वाघ झाडावर चढला की नाकेदार, ते आधी नीट सांगा. दोघं दिवस कलेपर्यंत बोलत बसले. ठाण्याविषयी, त्या मद्रासी शिक्षकाविषयी, भाताविषयी, कशाकशाविषयी. सगळं इंग्रजीत.

मास्तर घरी आले ते गाणं गुणगुणत. वेणू उंबऱ्यात उभी होती. "पास कोण कोण झालं?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं... विचारायचंच राहिलं."

"धन्य आहे! जा आधी परत!"

ते धावत सुटले. अप्पा पास झाले होते, देवराम तर पहिला आला होता. सदू लेखीत थोडक्यात नापास झाला होता. सदूला कसं सांगावं, हे जुळवीत ते दवाखान्यापाशी आले. सदू रोग्यांच्या गराड्यात बाटलीत औषध ओतत होता. मास्तरांचा चेहरा बघूनच तो समजला.

"नेव्हर माइंड, सर," तो बाटलीला बूच लावत म्हणाला. "दे आर फिनिश्ड, पुअर फेलोज. आय कॅन कम टु युवर क्लास वन मोअर इयर!"

मास्तरांनी सगळ्या रोग्यांसमक्ष त्याला मिठी मारली.