दिसत नाय का?

इंग्लंडमध्ये गाडी चालवायच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा हॉर्नमुळे. एक आजोबा रस्त्याच्या कडेला उभे होते. मी हलकेच हॉर्न वाजवला, म्हणजे आजोबा, मी आलेय बरं का. आमच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, याला सभ्यपणा म्हणतात. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. दुसऱ्यांदा डिपरमुळे. रस्ता अरुंद, समोरून एक गाडी आली आणि त्या माणसाने दोनदा दिवे लावून विझवले. आपल्याकडे ट्रकवाल्याने डिपर मारला की अर्थ एकच, थांब तिथंच, मी येतोय. मी थांबले. तोही थांबला. त्याने पुन्हा दिवे मारले, मी आणखी कडेला घेतली. तिथे त्याचा अर्थ असतो, या, आधी तुम्ही या. आम्ही दोघं एकमेकांसाठी इतका वेळ थांबलो की मागच्या बसमधले लोक माना काढून बघायला लागले.

तिसऱ्यांदा पास झाले ते मला शिकवणाऱ्या बाईंमुळे. साठीच्या पुढच्या, करड्या केसांच्या, आणि चौकात मी तोंड उघडलं की हात वर करून मला गप्प करणाऱ्या. त्या म्हणायच्या, गाडीत पाच माणसं बसलेली असू देत, चालवणारी एकटीच असते. जे बघायचं ते तिने बघायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. हे मला इतकं पटलं की तिथल्या लोकांपेक्षा मीच जास्त तिथली झाले. कुणी वाट दिली की हात वर करून आभार मानायचे, आणि मी वाट दिलेल्याने आभार मानले नाहीत तर घरी पोचेपर्यंत चडफडत राहायचे. दर डिसेंबरात सुट्टीवर घरी आले की उस्मानपुऱ्यातल्या घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जातानासुद्धा आईबाबांना माझं वाहतुकीवरचं प्रवचन ऐकावं लागायचं.

बाबांना त्याची गंमत वाटायची. चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, आणि तीस वर्षं पैठण रोडवरच्या ट्रक-ट्रॅक्टरांमधून स्कूटरवर रोज जाऊन-येऊन केलं. निवृत्त झाल्यावर हौसेने एक जुनी पांढरी गाडी घेतली. ती स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे आणि चावी कुणाच्या हातात देत नसत. मी दर वर्षी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायचे आणि तो पर्समध्ये जसाच्या तसा परत जायचा.

माझ्या तिथल्या गावात नदीवर एक दगडी पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. दोन्ही टोकांना पाट्या, आधी कुणी जायचं ते बाणांनी दाखवलेलं. हे मी बाबांना कौतुकाने सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ते मला मुद्दाम जुन्या, एकच गाडी मावेल अशा मकाई दरवाजातून घेऊन गेले. तिकडून रिक्षा, इकडून आम्ही आणि मधोमध केळीवाल्याचा हातगाडा. रिक्षावाल्याने हनुवटी वर केली, बाबांनी तळहात हलवला, केळीवाला "आने दो, चाचा, आने दो" म्हणत गाडा ओढून बाजूला झाला आणि आम्ही निघालो.

"बघ," बाबा म्हणाले, "पाटी वाचावी लागली का कुणाला?"

"आणि तो स्कूटरवाला ओरडला त्याचं काय?" मी म्हटलं. मागून एक जण आम्हाला घासून, 'दिसत नाय का?' असं खेकसून गेला होता.

"अगं बाई, ते काय विचारणं असतं व्हय? इथं दिवसातून दहा जण विचारतात. उत्तर द्यायला कोण थांबतंय?"

दोन-तीन सुट्ट्यांपासून मला स्कूटरवाल्यांपेक्षा जास्त खटकत होती ती आई. पुढे, बाबांच्या डावीकडे ती बसायची. पूर्वी गाडीत बसली की माहेरच्या शेतातल्या गोष्टी सुरू व्हायच्या, कोणाच्या म्हशीने कोणाचं पीक खाल्लं इथपर्यंत. आता ते सगळं बंद. बाबांनी चावी फिरवली की हिची टकळी सुरू. "डाव्या हाताला सायकल हाय. शाळेची पोरं हायत, थांबा. आता मोकळं हाय, घ्या." बाबाही कधी नव्हे ते निमूट ऐकायचे. मला वाटलं, घर चालवून झालं, आता गाडीही हिलाच चालवायचीय.

त्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी आम्ही हुरडा खायला निघालो. मावशीचं शेत पैठण रोडवर, चितेगावच्या पुढे. आईने तिळाच्या चटणीचा डबा आणि चहाचा थर्मास घेतला होता. घरातून निघाल्यापासून तिचं चालूच होतं. सायकल, हातगाडी, वळणारी रिक्षा, रस्ता ओलांडणारी बाई. कांचनवाडी आली आणि माझा संयम सुटला.

"बाबा, गाडी थांबवा. आई, तू मागे ये. मी पुढे बसते."

"मला म्होरंच बरं वाटतं."

"का?"

"मागं मळमळतं."

उभ्या आयुष्यात तिला गाडी लागलेली मी पाहिली नव्हती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा सरळ समोर बघत राहिले आणि मग म्हणाले, "बसू दे लेकीला म्होरं. दोन आठवड्यांची पाहुणी हाय." आई उतरली. मी तिच्या जागेवर बसले, ती बाबांच्या मागे बसली.

गाडी सुरू झाली तशी ती दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. "डाव्या हाताला..."

"आई! त्यांना चालवू दे. जो चालवतो त्यानेच बघायचं असतं. बाकीच्यांनी गप्प बसायचं."

ती गप्प झाली. माझ्या सीटची कड तिने हाताने धरली होती, ती काही सोडली नाही. बाबा हळू चालवत होते, रस्त्याच्या जवळजवळ मधून. गाडीत कशी छान शांतता झाली होती, अगदी तिथल्यासारखी. मला मनातून बरं वाटलं, की चला, एवढं तरी शिकवलं.

चितेगावच्या अलीकडे डाव्या अंगाला मेंढरं चालली होती. कळप खाली, रस्त्याच्या उतारावर होता. मेंढपाळ म्हातारा मात्र डांबराच्या कडेने चालला होता, आमच्याकडे पाठ करून. खांद्यावर घोंगडी, आणि नुकतं जन्मलेलं एक कोकरू दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मला तो दिसला. हे मला लिहिलंच पाहिजे. मला तो लांबून दिसला, स्वच्छ दिसला, त्याच्या घोंगडीला लागलेली कुसळंसुद्धा दिसली. समोरून ट्रक आला, बाबांनी गाडी डावीकडे घेतली, तेव्हाही तो मला दिसत होता. गाडी आणखी डावीकडे गेली. मी बोलले नाही. चालवणाऱ्याला दिसतंच, आपण मध्ये बोलणं बरं दिसत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"अहो!" आई मागून किंचाळली, आणि माझ्या कानाजवळ आरसा फटकन आपटला.

गाडी थांबली. मी दार उघडून धावले. म्हातारा मातीत बसला होता. आरशाचा फटका कोपराला लागून कातडी सोलवटली होती आणि रक्त येत होतं. कोकरू त्याने सोडलं नव्हतं. माझ्या तोंडून सवयीने तिथलंच वाक्य आलं, "ठीक आहात ना?" तिथे याचं उत्तर ठरलेलं असतं. हाड मोडलेलं असलं तरी माणूस म्हणतो, हो हो, अगदी ठीक. म्हाताऱ्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तोवर दोन मोटारसायकली थांबल्या, मग एक टेंपो. पाच-सात माणसं जमली. त्यांतला एक तरुण तावातावाने बाबांच्या अंगावर गेला. "ओ काका! दिसत नाय का?"

बाबा गाडीच्या दाराला धरून उभे होते.

"नाय दिसत," ते म्हणाले.

तो तरुण एक पाऊल मागे सरकला. असं उत्तर त्याने कधी ऐकलं नसणार.

"डावीकडचं मला नाय दिसत. तीन वर्षं झाली. डाव्या डोळ्याला काचबिंदू हाय." मग ते म्हाताऱ्याकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, पाव्हणं."

मी तिथेच उभी होते. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोनवर ते माझ्याशी तासभर बोलायचे, तिथल्या हवेची चौकशी करायचे. आणि आज रस्त्यावर, अनोळखी माणसांसमोर, एका शिवीला त्यांनी खरं उत्तर दिलं. आईची सगळी टकळी मला एकदम कळली. ती त्यांना रस्ता सांगत होती, आणि मी तिला तिच्या जागेवरून उठवून स्वतः तिथे बसले होते, दोन्ही डोळे शाबूत असताना मुकी.

तो तरुण खाली बघायला लागला. मग गाडीला वळसा घालून त्याने वाकडा झालेला आरसा हाताने सरळ केला. "जाऊ द्या, काका. सावकाश जा," म्हणाला आणि गेला. बाकीचेही पांगले.

आई पाण्याची बाटली घेऊन म्हाताऱ्याजवळ बसली. जखम धुतली, कोपराला आपला रुमाल बांधला, थर्मासातला चहा ओतून दिला. चहा घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून त्याने कोकरू बिनदिक्कत तिच्या मांडीवर ठेवलं. मी चितेगावच्या दवाखान्यात चला म्हणून मागे लागले.

"अन् मेंढरं कोण नेतंय? तुमी?" तो म्हणाला. हात वरखाली करून त्याने दाखवला, काही मोडलं नव्हतं. मग बाबांकडे बघत विचारलं, "दुसरा डोळा बरा हाय का?"

"हाय थोडा. त्यालाबी सुरू झालंय आता."

"मंग लेकीला हाकू द्या की गाडी. लेक तर हाय संगट."

त्याच्या दृष्टीने एवढीच गोष्ट होती. त्याने चहा संपवला, कोकरू उचललं आणि मेंढरांच्या मागे चालू लागला. बाबा तो लांब जाईपर्यंत बघत होते. मग त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि गाडीच्या मागून, पत्र्यावरून हात फिरवत, डाव्या बाजूला गेले. इतकी वर्षं मला ती चावी हवी होती. ती अशी मिळाली याचं मला फार वाईट वाटलं, आणि मी तिथेच, रस्त्यावर, रडले.

या बाजूच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. पट्टा डाव्या खांद्याकडे असतो, तो त्यांना सापडेना. ते चाचपत राहिले. मी माझ्या जागेवरून उतरले, वळसा घालून गेले आणि पट्टा ओढून लावून दिला. त्यांनी लावू दिला.

"बाबा, मला दिसला होता तो," गाडी सुरू केल्यावर मी म्हटलं. "मला दिसत होता आणि मी बोलले नाही."

"तुला कुठं ठाव व्हतं," ते म्हणाले. "चालवणाऱ्यानंच बघायचं असतं. तुझ्या त्या मास्तरीणबाईचं काय चूक नाय."

"आई, तू तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं त तू गाडी बंद केली असतीस," आई मागून म्हणाली. "मंग ह्यांनी दिवसभर घरात बसून काय करायचं? मला वाटायचं, मी हाय की बाजूला. मी बघते." थोडं थांबून ती म्हणाली, "तू मला मागं बसवलंस, लई राग आला व्हता तुझा. पण खरं सांगू का, लई जड जात व्हतं गं. जीव मुठीत धरून बसायची मी. आपल्या तोंडानं ह्यांना गाडी सोडा म्हणणं मला नसतं झालं."

बाबांनी हे ऐकलं. ते खिडकीच्या काचेकडे तोंड करून बसले, जिकडचं त्यांना दिसत नव्हतं तिकडे. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

चितेगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. मागून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी आरशात पाहिलं. आईची मान काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि चटणीचा डबा मांडीवरून घसरत होता.

बाबांनी उजवीकडे अख्खं अंग वळवलं आणि तिला पाहिलं. हात मागे नेऊन डबा अलगद उचलून घेतला. पुष्कळ वेळ ते तसेच, मागे बघत बसले.

"तीन वर्षांत आज डोळा लागला बघ तिचा गाडीत," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "खड्डे बघून घे, बाई. झोपू दे तिला."