पाटीला हात

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी नोकरीतून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत आमची ही गेली. पार्ल्याच्या घरात मी आणि देव्हाऱ्यातले दत्तगुरू, दोघेच उरलो. मी फिरणं सोडलं, जेवण एका वेळेवर आणलं. "महाराज, आता न्या," एवढीच माझी प्रार्थना. डॉक्टर म्हणाले, "रोग काही नाही तुम्हाला. पण असेच पडून राहिलात तर पावसाळा काढायचे नाहीत." म्हटलं, बरंच झालं! देव मात्र काही ऐकेना. खरं सांगतो, माझी श्रद्धाच उडत चालली होती.

एके सकाळी फाटकातून हाक आली, "ए दादा, पाटीला हात लाव ना रे!" वर्सोव्याची म्हातारी कोळीण. सत्तरी उलटलेली आणि लाटसाहेबालाही अरे-तुरे करणारी. पूर्वी ती आमच्या दारात पाटी उतरवून विसावा घ्यायची, आणि निघताना पाटी डोक्यावर चढवायला आमची ही हात लावायची.

मी आतूनच ओरडलो, "मासळी नको! बाई गेली आमची."

"ठाव हाय मला. मासली नको घेव, हात तर लाव!"

चरफडत उठलो, भिंत धरत फाटकापर्यंत गेलो. सगळा जोर लावला, तेव्हा कुठं पाटी चढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक, तिसऱ्या दिवशीही. वर बोलणी! "जेवतोस का नाय? हातात जीवच नाय तुझ्या." त्या रागानं रात्री दोन घास जास्त खाल्ले. पुढं कधी बोंबील घेतले, कधी गप्पा लांबल्या. शेजारचे लोकही फाटकाशी थांबू लागले. पावसाळ्यात ती सुकट घेऊन यायची, मी छत्री धरून उभा. पावसाळा कधी सरला, कळलंही नाही.

दिवाळीनंतर एकदा वाण्याकडं निघालो होतो. पुढं वळणावर तिनं पाटी उतरवली, घोटभर पाणी प्यायली. मग पाटी गुडघ्यावर घेतली आणि एका झटक्यात, एकटीनं, डोक्यावर चढवली. अहो, भरलेली पाटी! मी झाडाआड उभा राहून रडलो. हात जोडले ते दत्तगुरूंना की तिला, मला सांगता यायचं नाही.

तिला मात्र हे कधी बोलून दाखवलं नाही. आता "न्या" असंही म्हणत नाही. न्यायचं तेव्हा ते नेतीलच. सकाळी देवापुढं फूल ठेवतो आणि तिची हाक येण्याआधीच फाटकाशी जाऊन उभा राहतो.