भ्याल्याशिवाय वर्गणी नाही

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी ताकसांडे मॅडमनी माझी शंभराची नोट परत केली. उटनूरच्या आमच्या सरकारी कचेरीत त्या वरिष्ठ लिपिक, मी अगदी ताजा कनिष्ठ. लाल पुठ्ठ्याची वही घेऊन त्या टेबलाटेबलांवरून फिरत होत्या. वर्गणी पटकन द्यावी आणि सुटावं, एवढं शहाणपण मी गावाहून घेऊन आलो होतो. नोट पुढे केली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वागू पाह्यला का?"

"कोणता वागू?"

"मंग ठेवा खिशात, भाऊ. भ्याल्याबिगर माणूस देत नाही. देल्लं तरी एकदाच देते."

वागू म्हणजे ओढा. उटनूरपासून तासाभरावर, जंगलात, त्याच्या पलीकडे एक वस्ती आहे. पावसाळ्यात वागू भरला की ती जगापासून तुटते. दिवस भरलेल्या बाईला खाटेवर घालून चौघांनी पाण्यातून आणायचं, नाहीतर काठावर खाट टेकवून पाणी उतरायची वाट पाहायची. म्हणून मॅडमनी दवाखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली होती. शेवटच्या महिन्यात बाईने आई नाहीतर सासूला सोबत घेऊन तिथे येऊन राहायचं. भाडं, किराणा सगळं आमच्या कचेरीच्या वर्गणीवर. आणि देणाऱ्याने आधी एकदा, भर पावसाळ्यात, वागू ओलांडून यायचं, हा मॅडमचा नियम.

आता माझी गोष्ट अशी, की बादली भरून वाहू लागली तरी मी नळ जरा लांबूनच बंद करतो. तीन पावसाळे मी टाळले. एकदा कावीळ झाली, एकदा कंबर धरली, एकदा मेव्हणीचं लग्न काढलं.

"आखाडात लगन?" मॅडम म्हणाल्या. "लयच पुढं गेलं हो तुमचं गाव!"

पण वहीत आपलं नाव नाही, हे सलत होतं. मग मी वहीला रेघा आखून देऊ लागलो, आणि चहाच्या टपरीवर, मॅडम आसपास नाहीत हे पाहून, आपण वागू कसा ओलांडला ते सांगू लागलो. दर खेपेला पाणी थोडं वाढायचं. तिसऱ्या वर्षी ते माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं.

त्याच पावसाळ्यात हैदराबादकडचे नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं, कचेरीत कसलाही चंदा गोळा करायचा नाही. लाल वही त्यांच्या कपाटात गेली. तेव्हा खोलीवर राजूबाई नावाची पोरगी होती. पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. पुढच्या महिन्याच्या भाड्याची सोय नव्हती. खोली गेली की तिला वागूपलीकडेच परतावं लागणार होतं.

मॅडम तिकडे अर्जाचा मसुदा करत होत्या. म्हटलं, आपण परस्पर काम फत्ते करू. साहेबांसमोर उभा राहून मी माझा वागू सांगितला. गळ्यापर्यंत पाणी, खांद्यावर खाट, वर कण्हणारी बाई. एक साप मी ऐनवेळी घातला. साहेब शांतपणे ऐकत होते.

"अच्छा," ते म्हणाले. "तो शनिवार को मेरे को ले चलो. तुम जहाँ से उतरे, वहीं से. बात सच निकली तो लाल कापी वापस. झूठ निकली तो कापी बंद."

पाय तिथेच लटपटले. मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, फाडून खातील. त्यांनी हातातल्या कागदावर शिक्का मारला.

"आता काय हो, मॅडम?"

"आता शनिवार."

"मी बुडीन!"

"बुडत नाही तुमी. भेता मातर लय."

शनिवारी पाणी गुडघाभरच होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. पुढे मॅडम, पातळ खोचलेलं, हातात बांबूची काठी. मागे साहेब, बूट गळ्यात अडकवून. त्यांच्या मागे मी, साहेबांचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. नोकरीचे नियम तेव्हा आठवत नव्हते.

मध्यावर आलो आणि पाण्याचा रंग बदलला. आधी गढूळ, मग लाल. पानं आली, काटक्या आल्या, मग एक अख्खी फांदी. वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी मांड्यांना लागलं, बघता बघता कमरेला. पायाखालचे गोटे सरकू लागले. आवाज एवढा, की स्वतःचा श्वास ऐकू येईना.

"हालू नका!" मॅडम ओरडल्या. "काठी रोवू द्या मले!"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "मॅडम, मी कदी आलोच नाही इथं! खोटं बोललो मी! सारं खोटं हाये!"

"क्या बोल रहा ये?" साहेबांनी मान वळवली.

माझी नोकरी, लाल वही, राजूबाईची खोली, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं. मॅडमनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"डर लग रहा बोल रहा, साब."

साहेबांनी मान परत पुढे केली. मग म्हणाले, "मेरे को भी."

एकेक पाऊल टाकत आम्ही पलीकडे लागलो. माझी बोटं पट्ट्यावरून सुटेनात, ती मॅडमनी एकेक करून उकलली. मागे पाणी चढतच होतं. तीन तास आम्ही काठावर अडकून बसलो. साहेब ओल्या कपड्यांत कुडकुडत नुसतं पाण्याकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने मॅडमनी काठीने मोहाच्या एका झाडाखालची जागा दाखवली.

"साब, मेरा जनम वहाँ हुआ. दाखले में उटनूर लिखा है, वो गलत है."

साहेब हसले. "और अम्मा?"

काठी तिथेच होती. मॅडमनी ती हलवली नाही.

"वो भी वहींच गई."

तीन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. मला हे माहीत नव्हतं.

सोमवारी लाल वही मॅडमच्या टेबलावर परत आली. आत तेलुगूत साहेबांचं नाव, आणि त्याखाली मॅडमच्या अक्षरात माझं. पुढच्या महिन्यात राजूबाई खोलीवरून चालत दवाखान्यात गेली आणि मुलगी घेऊन परत आली. मी एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, तुमी माह्यासाठी खोटं बोलल्या?"

"खोटं काय बोलली मी? भ्या वाटून नव्हतं राह्यलं का तुमाले?"

निवृत्त होताना त्यांनी वही आणि काठी माझ्याकडे दिली. दर पावसाळ्यात मी नव्या लोकांना वागूवर नेतो. गोष्टी सांगणं सोडलं आहे. पाण्यात उतरलो की माझे पाय अजून तसेच लटपटतात, ते पाहून मागच्यांचे चेहरे पांढरे पडतात. माझ्या जिभेला जे जमलं नाही, ते आता माझे पाय करतात.

मॅडम मागच्या हिवाळ्यात गेल्या. आठवडाभर आधी दवाखान्यात भेटायला गेलो होतो. आवाज अगदी बारीक झाला होता.

"औंदा कोणाले नेलं?"

"दोन नवे क्लार्क, अन् एक इंजिनिअर मॅडम."

"तुमाले भ्या वाटलं का?"

"लय वाटलं, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले.

"मंग खोली चालू राह्यते."