वहिनींनी बांधलेला सांगाडा

मटार निम्मे सोलून झाले होते. छायाने ताट बाजूला सरकवलं आणि त्याच वर्तमानपत्रावर लाकडाच्या चार पट्ट्या मांडल्या. समोर धाकटा दीर महेश मांडी घालून बसला होता. नाशिकरोडला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ड्रोनच्या मोटारी, तारा, बॅटरी सगळं त्याच्या हातातलं. पण ते ज्याच्यावर बसवायचं, तो सांगाडा यंदा वहिनी करणार होती.

कारण गेल्या वर्षीचं कुणी विसरलं नव्हतं. दत्तजयंतीला गल्लीतल्या देवळातून पालखी निघते. तिच्यावर वरून फुलं टाकायची म्हणून महेशने घरीच चार पंख्यांचं ड्रोन केलं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. सरावात एक पट्टी वाकली, ती त्याने ठोकून सरळ केली. दिसायला सरळ झाली, पण वर गेल्यावर सगळंच थरथरू लागलं आणि देवाच्या डोक्यावर फुलं पडायच्या आत ड्रोन महाप्रसादाच्या आमटीत पडलं. तेव्हापासून मंडळाचे अध्यक्ष गोटीरामकाका भेटले की विचारायचे, "काय महेश, आमटीत मीठ वरून टाकतोस की खालून?"

यंदा बाहेरचा ड्रोनवाला बोलवायचं मंडळात जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा छाया बैठकीतच उठली आणि म्हणाली, "काका, एकदा आम्हाला करू द्या. सांगाडा मी करते." बोलून गेली खरी, पण आता दिराची अब्रू तिच्या शब्दाला बांधली गेली होती.

छाया माहेरची मनमाडची. लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवाळीला ती कामट्यांचे आकाशकंदील करते आणि अर्ध्या गल्लीच्या दारात तिचेच कंदील लागतात. हलकं पण ताठ कसं बांधायचं, हे तिच्या बोटांना ठाऊक.

"वहिनी, कार्बनची तयार फ्रेम मागवू या," महेश म्हणाला. "हलकी असते, कडक असते."

"आणि ऐन वेळी मोडली तर? पार्सल येईपर्यंत पालखी थांबवायची का?"

"मग तुमच्या कामट्या?"

"कामटीचं पेर एकीला इथे, दुसरीला तिथे. दोघींचं वजन सारखं नसतं. कंदील लोंबकळत राहतो, त्याला चालतं. ह्याला उडायचंय."

महेशने प्लायवुडमधून अख्खी फ्रेम एकसंध कापायचं चित्रही काढलं होतं. छायाने ते उलटसुलट करून पाहिलं. "देखणं आहे. पण एक हात मोडला की चारही हात टाकायचे. भाऊजी, मोडणारच नाही असं काही नसतं. मोडलं तर पटकन बदलता आलं पाहिजे."

तिथे ठरलं. मध्ये प्लायवुडची चकती आणि तिला दोन-दोन स्क्रूंनी बसवलेले पाइनच्या लाकडाचे चार हात. शिवाय एक हात जादा. अधिकच्या चिन्हासारखे बसवले तर पुढचा हात नेमका ड्रोनवरच्या कॅमेऱ्याच्या आड येई, म्हणून फुलीसारखे बसवले. मसाल्याच्या काट्यावर छाया एकेक पट्टी तोलत होती. जड निघाली ती पॉलिश पेपरने घासत होती.

एवढ्यात तिचा नवरा दिनेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्युटी करून आला. "आज भाजी आहे की पट्ट्याच वाढणार?"

"पट्ट्या शिजायला वेळ लागेल. तोवर तुम्ही मटार सोला."

दिनेशने हात धुतले आणि ताट पुढ्यात ओढलं.

दत्तजयंतीला संध्याकाळी, आरतीच्या आधी, महेशने एकदा उडवून पाहिलं. टोपली खाली लटकत होती, तीत झेंडूच्या पाकळ्या. ड्रोन कसंबसं उचललं गेलं, कलंडलं आणि देवळाच्या पायरीवर आपटलं. एक हात मोडला.

"आमटी झाकून ठेवा रे," गोटीरामकाका म्हणाले. लोक हसले. महेशने मोडका पंखा उचलला.

छायाने टोपलीत हात घातला. पाकळ्या ओल्याचिंब होत्या. "माझंच चुकलं, भाऊजी. देवावर पडायची फुलं म्हणून गोदावरीच्या पाण्याने धुतली. पाण्यालाही वजन असतं, हे काही सुचलं नाही."

ती तिथेच पायरीवर बसली. दोन स्क्रू सोडले, मोडका हात काढला, जादा हात बसवला आणि स्क्रू आवळले. महेशने तार जोडली, नवा पंखा लावला. तेवढ्यात दिनेशने झेंडूच्या कोरड्या पाकळ्या खुडून आणल्या. आत सुरू झालेली आरती अजून चालूच होती. फुलांना तीर्थ लागलंच पाहिजे, म्हणून छायाने बोटावर थेंबभर घेऊन टोपलीच्या काठाला लावलं.

पालखी दारातून बाहेर आली आणि ड्रोन उठलं. सरळ, न थरथरता. महेशने कळ दाबून टोपली कलती केली, पंख्यांच्या वाऱ्याने पाकळ्या पसरल्या आणि सावकाश पालखीवर उतरत राहिल्या. सगळ्यांनी देवाला हात जोडले. छायाने आधी सांगाड्याकडे पाहिलं, मग देवाकडे. देवाने तेवढं समजून घेतलं असावं.

"जमलं की रे महेश," गोटीरामकाका म्हणाले.

"माझं काय काका, मी तारा जोडल्या. उडालंय ते वहिनींचं."

काकांनी टोपी सारखी केली. "मग छायाताई, हनुमानजयंतीलाही तुमच्याकडेच. बाहेरचा माणूस नको."

"करू की," छाया म्हणाली. आवाज जरा चढलाच, तो तिने दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी घरातलं आवरून ती लाकडाच्या वखारीत नव्या जादा हातासाठी पाइनची पट्टी आणायला गेली.